गंभीर गोष्ट रिपोर्टात लिहिली, एवढ्यावर रेडिओलॉजिस्टची जबाबदारी संपते का?

रिपोर्टवाला:
खांदा दुखतो म्हणून एका बाईंचा एक्स-रे माझ्याकडे आला. हाड शाबूत होतं, पण फिल्मच्या कोपऱ्यात फुफ्फुसाचं टोक आलं होतं आणि तिथे दीडेक सेंटिमीटरची सावली होती. मी ती सातव्या ओळीत लिहिली, सीटी स्कॅन सुचवला आणि इम्प्रेशनमध्ये, म्हणजे रिपोर्टाच्या शेवटच्या निष्कर्षात, 'फ्रॅक्चर नाही' एवढंच टाकून सही केली. त्यांच्या डॉक्टरांनी फक्त इम्प्रेशन वाचलं. सात महिन्यांनी बाई खोकला घेऊन आल्या, तेव्हा सावली दुप्पट झाली होती. जुना रिपोर्ट उघडला. माझं वाक्य जागेवर होतं, बाईंना मात्र त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

तेव्हापासून असं काही अनपेक्षित दिसलं की ते इम्प्रेशनमध्ये पहिलं लिहितो, डॉक्टरांना फोन करतो आणि कोणाशी, किती वाजता बोललो याची नोंद ठेवतो. हे सगळ्यांना सक्तीचं हवं.

रात्रपाळी:
अजिबात पटत नाही. मेंदूचा सीटी अर्धवट सोडून फोन लावायचा, कोणी उचलत नाही, पुन्हा लावायचा. परत स्क्रीनकडे वळलं की सीटीच्या कितव्या स्लाइसवर, म्हणजे कितव्या चित्रावर होतो तेच आठवत नाही. चुका होतात त्या अशाच वेळी.

आणि दिसलंच नाही तर फोन कशाचा करणार? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुफ्फुसाच्या सीटीत गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना त्यात मुद्दाम घातलेलं गोरिलाचं चित्र दिसलं नाही. त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्यावर पडली होती. आधी कामाचा बोजा कमी करा. रिपोर्ट वाचणं हे तपासणी मागवणाऱ्याचं काम आहे.

वॉर्डातली डॉक्टर:
मागवणारी मीच, आणि मी वाचते. पण कोर्टाच्या धास्तीने दर दुसऱ्या ओळीत 'नाकारता येत नाही', 'क्लिनिकली कोरिलेट करावे' (पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा) लिहिलेलं असतं. खरी धोक्याची ओळ त्या गर्दीत हरवते. शंका किती आहे आणि पुढची तपासणी कधी करायची, ते स्पष्ट लिहा. आमचीही चूक आहेच: फॉर्मवर 'खांदा दुखतो' एवढंच खरडतो, पेशंट सिगारेट ओढतो हे कळवतच नाही.

रिपोर्टवाला:
@रात्रपाळी, व्यत्ययाचं म्हणणं मान्य. मेंदूत रक्तस्राव दिसला तर फोन तत्काळ. गाठीचा फोन हातातली केस संपवून, पण त्याच दिवशी. फोन जोडून द्यायला विभागात माणूस हवा. 'वाचणं त्यांचं काम' हे मात्र मी मान्य करणार नाही. सावली मी पाहिली होती, त्यांनी नाही.

रात्रपाळी:
माणूस दिलात तर करेन. नाही दिलात आणि सक्ती मात्र लावलीत, तर उद्या फोनची नोंद नाही हाच आमच्याविरुद्ध पुरावा होईल.

पेशंटची मुलगी:
वडिलांच्या बाबतीत असंच झालं. तो रिपोर्ट वर्षभर आमच्याच कपाटात, फाईलमध्ये होता. तुम्ही डॉक्टर एकमेकांना कसं कळवायचं यावर बोलताय. साध्या भाषेतली एक ओळ आमच्यासाठी लिहिली असती, तर दुसऱ्या दिवशी मीच त्यांना सीटीला नेलं असतं.