चकमकीची ठिणगी पडते, पण कापूस धरत नाही

प्रश्न (नवशिका_करवीर):
चकमकीवर विस्तव करायला शिकतोय. जुन्या कानशीचा तुकडा आणि पन्हाळ्याच्या बाजूला मिळालेली गारगोटी आहे. ठिणग्या भरपूर पडतात. खाली सावरीचा कापूस पिंजून ठेवतो, पण ठिणगी त्यात पडून विझते. विकतच्या फेरो रॉडनं (घासली की ठिणग्या देणारी धातूची कांडी) तोच कापूस लगेच पेटतो. चुकतंय कुठं? आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडं हे जमेल का?

रानवाट:
हात बरोबर आहे, कापूस चुकीचा आहे. गारगोटीची धार पोलादाचे बारीक कण खरवडते, ते हवेत जळतात, तीच ठिणगी. फेरो रॉडच्या मानानं ती बरीच थंड. कच्चा कापूस तिला दाद देत नाही, आधी कापडाचा कोळसा करावा लागतो.

शंभर टक्के सुती कापड घ्या, मांजरपाट उत्तम. पॉलिस्टर मिसळलेलं असलं की वितळून चिकटतं. बोटभर लांबीचे तुकडे बूट पॉलिशच्या रिकाम्या, पुसलेल्या डबीत सैल ठेवा. झाकणाला खिळ्यानं एकच बारीक भोक पाडा आणि डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येईल. तो थांबला की डबी उतरवा, भोकात काडी खुपसा आणि पार गार होईपर्यंत झाकण उघडू नका. गरम असताना हवा लागली की आतलं सगळं जळून राख होते. बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. कापड तपकिरी राहिलं तर कच्चं, पुन्हा ठेवा. काळंभोर पण हातात धरवेल असं हवं.

आता हे कापड गारगोटीच्या वर, धारेला लागून अंगठ्यानं दाबा आणि कानस वरून खाली तिरकी ओढा. लाल ठिपका दिसला की ते काथ्याच्या घरट्यात ठेवून हळूच फुंका. दगडाच्या कपच्या उडतात, डोळ्याला चष्मा लावा.

उद्यमनगरी:
एक भर. कानशीचे दात ग्राइंडरवर घासणार असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ठिणगी मरते. गारगोटीची धारही बोथट होते, दुसऱ्या दगडानं टवका काढून नवी करा.

पावसाळ्यात खरी अडचण सरपणाची. जमिनीवरचं लाकूड घेऊ नका. उभं वाळलेलं, मनगटाएवढं खोड कोयत्यानं उभं फोडा, गाभा कोरडा निघतो. त्याच्या ढलप्या काढा. घरून थोडं उसाचं चिपाड आणि शेणीचा तुकडा प्लास्टिकमध्ये न्या. पाचट नको, भप्पकन पेटून लगेच संपतं. जळका कपडाही हवाबंद डबीतच ठेवा, दमटपणा लगेच ओढतो.

नवशिका_करवीर:
भारी. मग सराव राधानगरीच्या रानात केला तर चालेल?

रानवाट:
नको. ते अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० तिथल्या आगीबद्दलच आहे. मसाई पठारावरही उन्हाळ्यात नको, वाळलेल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. अंगणात फुटक्या घमेल्यात करा, शेजारी पाण्याची बादली ठेवा.