‘दुसरं काही औषध घेता का?’ ‘नाही.’ झालं मोजून?

खुरपं

परवा इथे एक पोस्ट आली. सार एवढंच, की संधिवाताच्या लेकरांच्या आईबापांना ओपीडीत ‘दुसरे काही औषध घेता का, हो की नाही’ असं विचारलं, बहुतेकांनी ‘नाही’ सांगितलं, म्हणजे विदर्भातल्या खेड्यांत वैदू-पुडी-जडीबुटीचं प्रमाण आपण उगाच फुगवून सांगतो. खाली अंगठ्यांची रांग. राजेहो, याला मोजणं म्हणत नाहीत, ‘नाही’ वदवून घेणं म्हणतात.

प्रश्न विचारतो कोण? ज्याच्या हातात मेथोट्रेक्सेटची, म्हणजे संधिवाताच्या गोळीची, चिठ्ठी आहे तोच. ‘हो’ म्हटलं की बोलणी बसणार, हे आईला पक्कं ठाऊक. दुखऱ्या जागी चटके दिलेले असतील तर पोलिसांची धास्ती वेगळीच.

मग शब्द. खेड्यात ‘औषध’ म्हणजे गोळी, बाटली, सुई. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल हे तेल. निर्गुडीचा पाला शेकायला. आठवडी बाजारातली पुडी ही पुडी. दंडाला बांधलेली मुळी तर बांधलेली असते, ‘घेतलेली’ नसतेच. बाई खोटं बोलत नाही, तुम्ही विचारलंच चुकीचं.

२००९ साली ‘पूरक आणि पर्यायी’ उपचार मोजणारी आय-कॅम-क्यू ही आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आली ती या दुखण्यावरच. ती उपचारांची नावं घेऊन विचारते. कोणाकडे गेलात, काय घेतलं, घरच्या घरी काय केलं, हे वेगवेगळं विचारते. गेल्या बारा महिन्यांतलं वेगळं, गेल्या तीन महिन्यांतलं वेगळं. कशासाठी घेतलं आणि गुण किती, तेही. जशीच्या तशी उचलून चालणार नाही, टोळीचं तेल तिच्यात कुठून येणार? पण रीत तीच हवी.

घरी जा. आजी असेल तर आजीला विचारा, कारण दुपारचं सगळं तिच्या हातात असतं. ‘लेकराच्या दुखण्यासाठी घरात जे जे आहे ते खाटेवर मांडा’ म्हणा. मग एकेक हातात घ्या: कुठून आणलं, पोटात की वरून, दिवसातून किती वेळा, शेवटचं कधी. आणि हे सुरू केलं तेव्हा दवाखान्याचं काय बंद झालं? सगळा जीव या शेवटल्या प्रश्नात आहे.

मेथोट्रेक्सेटबद्दल विचारू नका, गोळ्या मोजा. डोस चौरस मीटरला आठवड्याला १० ते १५ मिलिग्रॅम. वीस किलोच्या लेकराचं पृष्ठफळ साधारण ०.८ चौरस मीटर, म्हणून बहुधा १० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या चार गोळ्या, आठवड्यातून एकच दिवस. दहाच्या दोन स्ट्रिपा नेल्या, चार आठवडे झाले, तर २० पैकी ४ उरायला हव्यात. १२ उरल्या तर दोन रविवार चुकले. एकही उरली नाही, तर त्याच दिवशी तोंडात फोड आहेत का बघा आणि रक्त तपासायला पाठवा, कोणीतरी ठरल्यापेक्षा जास्त देतंय.

बंडीवाला

भौ, खाटेवर मांडाले लावते कोण? आशाताई? तिच्या डोक्यावर गरोदर बायाचं रजिस्टर, लसीचं, टीबीचं, सिकलचं, वरून आता हे. एका घराले तुमचा हा पसारा पाऊन तास खाईन. वेचाईच्या दिवसात साऱ्या बाया वावरात, घराले कुलूप.

अन दुसरं. हा आजार हजारात एखाद्या पोट्ट्याले. दीड हजार वस्तीच्या गावात एकही भेटनार नाही. मंग काय घरोघरी खाटा मोजत फिरायचं? ओपीडीतला प्रश्न वाईट असन, पण तो विचारल्या तर जाते. तुमचा कागदावरच राहीन.

खुरपं

गावोगाव फिरा असं म्हटलंच नाही. नावं दवाखान्याच्या रजिस्टरातूनच घ्यायची. पण रांगेत उभी असलेली नकोत, रजिस्टरातली सगळी. ओपीडीत दिसतं ते परत आलेलं लेकरू. जे पूर्ण पुडीवर गेलं त्याचं नाव रजिस्टरात असतं, ते स्वतः रांगेत नसतं. तुम्ही नेमकं त्यालाच वगळून मोजता आणि म्हणता प्रमाण कमी. सहा महिन्यांत न आलेल्यांना फोन लावा, लागला नाही तर गावच्या आशाताईला. एका जिल्ह्यात मूठभर घरं निघतील. पाऊण तास जाईल तर जाईल.

भल्लातक

सगळ्या चर्चेत ‘पूरक आणि पर्यायी’ हा शब्द खटकतोय. कोणाला पर्यायी? १९९५ ला आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींसाठी केंद्राचं वेगळं खातं झालं, २००३ ला आयुष नाव मिळालं, २०१४ ला मंत्रालय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत येतं, त्यातले दोन्ही डॉक्टर आयुषचे. त्यांनी पॅरासिटामॉल दिली तर तुमच्या फॉर्मात ती कोणत्या रकान्यात? त्यांनीच रास्नादि काढा सांगितला तर? पदवी मोजताय की औषध?

आणि तेल मालिश ‘उपचार’ धरणार असाल तर शंभरातले शंभर आलेच. लेकराला तेल न लावणारं घर दाखवा. अमेरिकेच्या २००२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्या माणसांत आरोग्यासाठीची प्रार्थना धरली तर ६२ टक्के लोक पर्यायी उपचारवाले, प्रार्थना वगळली तर ३६. मारुतीला नारळ फोडला की विदर्भ शंभर टक्के अंधश्रद्ध, असा मथळा तुम्हाला हवाय का?

खुरपं

मथळा नकोय. म्हणूनच एकच आकडा काढायचा नाही. पोटात घ्यायचं वेगळं, वरून लावायचं वेगळं, देवाधर्माचं वेगळं. तेलाचा रकाना आणि पुडीचा रकाना बेरजेत घालतो तो फसवतो. पदवीचं तुमचं बरोबर. कोणी दिलं आणि काय दिलं, हे दोन रकाने करायला हवेत. घ्या, मानलं.

औषधी दुकान

तुमच्या ‘आयुर्वेदिक: हो’ या एका खुणेनं काहीच कळत नाही, हे भल्लातक सांगणार नाहीत, मी सांगतो. साध्या योगराज गुग्गुळात भस्मं नाहीत. महायोगराजात नागभस्म, म्हणजे शिसं, आणि रससिंदूर, म्हणजे पारा. दोन्ही काळपट गोळ्या, घरचे दोघांनाही ‘गुग्गुळ’ म्हणतात. डबी हातात घेऊन लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नाही. बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००४ ला छापून आलंय. ज्या लेकराची वाढ चालू आहे त्याच्या पोटात महिनोन्महिने शिसं जाणार आणि तुम्ही रकान्यावर वाद घालताय.

भल्लातक

आलंच बोस्टन. शोधन-मारण (धातू शुद्ध करून जाळणं) नीट न केलेलं भस्म आणि शास्त्रोक्त भस्म एकाच तराजूत घालायचं. बिबा घ्या. विटकरीच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल काढल्याशिवाय कोणी वैद्य वापरत नाही. लेकरांना, गरोदर बाईला आणि पित्तप्रकृतीला तर देतच नाही. औषध नियमांतल्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, तो आहे, वैद्यकीय देखरेखीची सूचना लेबलवर छापावी लागते. खेड्यात गुडघ्यावर कच्चा बिबा चोळतात, कातडी उतते, फोड येतात आणि नाव आयुर्वेदाचं. अॅलोपॅथीत कोणी मेथोट्रेक्सेट रोज दिली तर आम्ही अॅलोपॅथीला जबाबदार धरतो का?

ठेचा

गुळवेलीचं सांगा ना मंग. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, तुमचं मंत्रालय म्हणते वेल दुसरीच असन. वेल कोणती हे रोग्याले कसं कळन? काढा तं काढाच असते.

भल्लातक

सहा रुग्ण! आणि वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, हाच तर आक्षेप होता. जातभाई वेली आहेत, पानं सारखी दिसतात. अर्धवट माहितीवर इथे येऊन तोंडसुख घेणं सोपं आहे.

ठेचा

तोंडसुख कोन घेऊन रायलं? तीन पोस्टी झाल्या, एसजीपीटीचं, म्हंजे यकृताच्या रक्ततपासणीचं, नाव नाही काढलं तुम्ही. मेथोट्रेक्सेटवरच्या पोट्ट्याचं यकृत तसंही दर दोन-तीन महिन्यांनी तपासा लागते. त्याच्यात काढा ओतला अन एसजीपीटी वाढला, तं डॉक्टर मेथोट्रेक्सेट बंद करते. सांधे पुन्हा सुजते. काढा चालूच. नुकसान कोनाचं?

औषधी दुकान

ठेचा यांची भाषा सोडा, मुद्दा सोडू नका. एसजीपीटी कशानं वाढला हे ठरवायला तारखा लागतात. काढा कोणत्या आठवड्यात सुरू झाला, रक्त कोणत्या तारखेचं. प्रश्नावलीत ‘घेतो/घेत नाही’ असेल तर हे कधीच कळणार नाही. ‘पोळ्याच्या आधी की नंतर’, ‘दिवाळीत चालू होतं का’ असं विचारलं की तारखा जमतात. महिना विचारला की अंदाज मिळतो.

आणि भस्मापेक्षा मोठी गोष्ट कोणीच बोलत नाहीये. पुडीतला स्टिरॉइड. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, दिवसातून दोन वेळा मधातून. आयुर्वेद नाही, जडीबुटीही नाही. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन कुटून कोणत्या तरी पाल्यात मिसळलेलं. ओळख अशी: गुण एका-दोन दिवसांत, भूक राक्षसासारखी, महिनाभरात चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटतं, उंची थांबते. आजी खूश, ‘पोट्टं भरलं’. फॉर्मवाला ‘वनौषधी’ला खूण करून निघतो.

पळसफूल

सगळे संधिवात धरूनच बोलताहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, इथे लेकराचं हाडं-सांधे दुखणं म्हटलं की आधी सिकल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, बघायचा. सोल्युबिलिटी टेस्ट पाच-दहा मिनिटांची, पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पक्की चाचणी. बाळाचे हातपाय सुजलेत, त्याला ‘वात’ म्हणून निर्गुडीचा शेक चाललाय, असं किती जागी. त्यात सांध्याचा टीबी, ऱ्हुमॅटिक ताप, चिकुनगुनिया. सोळा वर्षांच्या आत सुरुवात आणि किमान सहा आठवडे टिकलेली सूज, बाकी कारणं वगळून, तेव्हा तो मुलांचा संधिवात. नाही तर चिकुनगुनियाची दुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय पुडीला.

बंडीवाला

ताई, तुमचं बरोबर, पन धागा तुमच्या सिकलचा नाही.

पळसफूल

धागा मोजण्याचा आहे ना? भागाकारात खाली काय ठेवलंय ते चुकलं तर वरचा आकडा कशाचा? आजार पक्का नसलेली लेकरं मिसळली की पुडीला ‘गुण आला’ म्हणणारे भरमसाट निघणार. संधिवातही कधी चढतो, कधी स्वतःच ओसरतो. उताराच्या महिन्यात जे चालू होतं त्याला गुण लागतो. म्हणून ‘गुण आला का’ या उत्तराशेजारी सांधे मोजायचे: किती सुजलेले, किती वळत नाहीत.

आणि एक रकाना कोणीच धरला नाही. डोळे. ज्या पोरीचे एक-दोन सांधेच धरलेत आणि एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आहे तिच्या डोळ्यात दुखणं नाही, लाली नाही, तरी आतून सूज. दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांच्या यंत्राखाली, बघावं लागतं. पुडीनं गुडघा उतरला की आईबाप नागपूर-सेवाग्रामच्या चकरा थांबवतात, त्यात डोळ्याची तपासणीही थांबते. ‘डोळे शेवटचे कधी दाखवले’ हे विचारा.

भल्लातक

स्टिरॉइडच्या पुडीबद्दल औषधी दुकान यांच्याशी सहमत व्हावं लागतंय, दिवस वाईट आलेत. एक भर. पुडी सापडली की लगेच ‘फेकून द्या’ म्हणू नका. महिनोन्महिने चाललेली असेल तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड झोपलेलं असतं. एकदम बंद केली की उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली, ताप आला तर जिवावर बेततं. तीच पुडी घेऊन लेकराला बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, डोस उतरवत आणायचा. अन्न व औषध प्रशासनाला थोडी पूड नमुना म्हणून द्या, बाकीची डॉक्टरांच्या हातात.

ठेचा

वैद्यबुवांनी मानलं म्हनजे आता पोया लवकर येईन.

बंडीवाला

चला, पाऊन तासाचं मी मांगं घेतो, मूठभर घरं असन तं. पन तुमचा प्रश्न पुस्तकी हाय. ‘लेकराच्या दुखण्यासाठी जे जे आहे ते मांडा’ म्हटलं तं बाई दवाखान्याची फाइल आनून देते अन उभी रायते. असं विचारा: ‘माय, पोट्ट्याच्या गुडघ्याले काय काय लावून पाहिलं? तेल कोनतं? पाला कोनता? पुडी कोन्या बाजारातून आनली?’ ‘आनली का’ नाही, ‘कोन्या बाजारातून’. अन सोबत बाटलीतलं थोडं टोळीचं तेल घेऊन जा, वास देल्ला की आजी स्वतःच उठून आपली बाटली काढते.

खुरपं

‘कोन्या बाजारातून’ म्हणजे उत्तर तोंडात घालणं झालं. ज्यांनी आणली नाही तेही बाजाराचं नाव सांगतील.

बंडीवाला

मंग पुडी दाखवा म्हना. नसली तं कशी दाखवन?