मदत हवी आहे : डर्ट ट्रॅकसाठी जुनी गाडी तयार करत आहे, मेन जेट कोणता टाकावा?

लाल_माती
नमस्कार. घरातील जुनी गाडी डर्ट ट्रॅकच्या शर्यतीसाठी तयार करण्याचे काम दिवाळीपासून चालू आहे. मडगार्ड, हेडलाइट आणि चेनकव्हर काढले, रुंद हँडल बसवले, सायलेन्सर बदलला आणि सिलेंडर बोअर करून नवा पिस्टन टाकला. गाडी गल्लीत उत्तम पळते; मात्र मैदानावर नेऊन पूर्ण रेस दिली की थोड्याच वेळात इंजिन पकडते (आत पिस्टन जाम होतो), आणि थंड झाल्यावर काहीच घडले नसल्यासारखे पुन्हा सुरू होते. मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी पुडी) टाकल्यास प्रश्न सुटेल असे गॅरेजवाला म्हणतो, पण कोणत्या क्रमांकाचा, हे त्याला सांगता येत नाही. 30,000 रुपयांपैकी बरेचसे संपले आहेत आणि शर्यत पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा कृपया इकडचे-तिकडचे न सांगता थेट क्रमांक सांगावा.

जुना_मेकॅनिक
गाडी कोणती, हेच तुम्ही लिहिलेले नाही. राजदूत, आरएक्स, येझदी की लॅम्ब्रेटा? कार्बोरेटर मूळचा आहे की बदललेला? पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता? या तीन गोष्टी कळल्याशिवाय जेटचा क्रमांक सांगणारा माणूस ज्योतिषीच असला पाहिजे.

शोगनप्रेमी
गाडी कोणतीही असो, ती विका आणि सुझुकी शोगन शोधा. 110 सीसीच्या त्या इंजिनातून 14 अश्वशक्ती मिळते, वजन कमी आहे आणि मातीवर ती अशी वळते की बघत राहावे. माझ्याकडे अजूनही एक आहे.

लाल_माती
गाडी येझदी रोडकिंग आहे, मला वाटले फोटोवरून कळेल, पण फोटो चढलेलाच दिसत नाही. वडिलांची असल्यामुळे ती विकण्याचा प्रश्नच येत नाही. कार्बोरेटर मिकुनीचा आहे. ऑइल म्हणाल तर, पेट्रोल पंपावरचा मुलगा टाकतो तेवढे.

जुना_मेकॅनिक
पंपावरचा मुलगा लूनालाही तेवढेच टाकतो आणि फवारणी पंपालाही तेवढेच. घरी मापाने मिसळा. आता पुढचे सांगा. सायलेन्सर बदलला म्हणजे नेमके काय केले? येझदीच्या एकाच सिलेंडरला दोन एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडण्याची भोके) असतात आणि दोन सायलेन्सर असतात. तुम्ही एकवचनात लिहिले आहे, म्हणून विचारतो.

लाल_माती
दोन्ही काढले. आरएक्स 100 चा एक्झॉस्ट स्वस्तात मिळाला, तो वेल्डरकडून दोन्ही पोर्टांना जोडून घेतला. आवाज फार छान येतो.

अबोली_वर्कशॉप
तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वेल्डिंगमध्ये आहे असे मला वाटते. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट म्हणजे नुसती धूर बाहेर सोडणारी नळी नव्हे. आतल्या शंकूवरून परत येणारी दाबाची लाट पोर्ट बंद होण्याच्या ऐन वेळी पोहोचून बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलेंडरमध्ये ढकलते, आणि ही वेळ नळीच्या लांबीवर व इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरते. आरएक्स 100 चे इंजिन 98 सीसीचे, 50 मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि 50 मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचे) असून ते मिनिटाला 7,500 फेऱ्यांच्या आसपास जोर देते. तुमचे इंजिन 248 सीसीचे, 65 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोकचे आहे, आणि त्याचा जोर 5,000 फेऱ्यांच्या आसपासच संपतो. त्याला ती नळी आखूड पडते. त्याहून वाईट म्हणजे तिच्या शेपटीचे बारीक भोक 100 सीसीच्या हिशेबाने केलेले आहे. अडीचपट इंजिनाचा गरम वायू त्यातून निघत नाही, उष्णता आत साचते आणि पिस्टनचा माथा तापतो. गल्लीत हे जाणवत नाही, कारण तिथे पूर्ण रेस फार वेळ कोणी देत नाही.

पेशवाई_पिस्टन
एवढे भौतिकशास्त्र कशाला? ऑइल वाढवा. आम्ही पूर्वी दर 16 लिटर पेट्रोलला एक लिटर एरंडेलवाले रेसिंग ऑइल टाकत असू, आणि इंजिन कधी पकडले नाही. तुमच्या नव्या बोअरला ऑइल कमी पडते आहे, एवढेच.

अबोली_वर्कशॉप
हा सल्ला जपून घ्यावा. जेटच्या भोकातून जेवढे द्रव जाते तेवढेच जाते. त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा कमी होतो आणि मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी असे) होते. शिवाय एरंडेलाचे ऑइल पेट्रोलपासून वेगळे होऊ शकते, आणि रिंगांच्या खाचेत चिकट थर साचवते. चांगले टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल 1:25 या प्रमाणात या इंजिनाला पुरेसे आहे. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, हेही लक्षात घ्या. पेट्रोल जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते आणि इथेनॉलला 9 पट, त्यामुळे जुना जेट तोच ठेवला तरी मिश्रण आपोआप लीन होते.

पेशवाई_पिस्टन
मी हे पुस्तकातून नाही, गाडी चालवून शिकलो आहे. तुम्ही म्हणता ते चूक आहे असे मी म्हणत नाही, पण आमचे इंजिन चालत होते एवढे खरे.

ब्र्नोचा_मराठी
येझदीचे मूळ ज्या देशात आहे तिथून लिहितो आहे, म्हणून थोडी भर घालतो. येझदी ज्या चेक जावावरून आली, त्या जावाच्या स्पीडवेच्या (गोल मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीच्या) गाड्या दिविशोव येथील कारखान्यात तयार होत. त्या चार-स्ट्रोक असून मिथेनॉलवर चालतात, त्यांना एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. तुमच्या शर्यतीत फक्त डावीकडे वळायचे आहे का? तसे असेल तर डाव्या बुटाला पोलादी तळ लागेल.

जुना_मेकॅनिक
साहेब, महाराष्ट्रात ज्याला डर्ट ट्रॅक म्हणतात त्यावर उजवे-डावे दोन्ही असते, मातीचे उंचवटे असतात आणि गाडी हवेतही जाते. ब्रेक काढून तिथे गेलात तर आयोजक गेटवरूनच परत पाठवतील. लाल_माती, तुम्ही आता दोन गोष्टी बघा. सिलेंडर उतरवून पिस्टनवर ओरखडे नेमके कुठे आहेत ते पाहा. चारही बाजूंनी असतील तर बोअर आवळ केला गेला आहे किंवा इंजिन सर्वांगाने तापते आहे. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण लीन आहे किंवा ऑइल कमी पडते आहे. दुसरे असे की, रेस झटकन सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली येतो की काही वेळ वरच रेंगाळतो?

लाल_माती
वरच रेंगाळतो. ॲक्सिलेटरची केबल अडकते असे समजून मी ती बदलली, तरी फरक पडला नाही. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला आहेत. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र कमी होते आहे आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ निघतो. पण तो टू-स्ट्रोकला निघतोच ना?

जुना_मेकॅनिक
गिअरबॉक्सचे ऑइल खाली गळत नसेल आणि तरीही कमी होत असेल, तर ते इंजिनातच जळते आहे. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) डाव्या टोकाला, क्लचच्या बाजूला, जी ऑइल सील असते ती कडक झाली किंवा फाटली की क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) तिथून ऑइल आणि हवा दोन्ही ओढते. ऑइलमुळे धूर निघतो आणि हवेमुळे मिश्रण लीन होते. रेस सोडल्यावर आवाज वर रेंगाळणे हे तिचेच लक्षण आहे. खात्री करायला खर्च नाही: दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट आणि कार्बोरेटरचे तोंड जुन्या ट्यूबचे रबर लावून घट्ट बंद करा, पिस्टन खाली आणा, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने अगदी हलका, 5-6 पीएसआयच दाब द्या. दाब उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. डावी सील गळत असेल तर हवा गिअरबॉक्समध्ये शिरते आणि ऑइल भरण्याच्या भोकावर बोट ठेवले की फुसफुस कळते.

अबोली_वर्कशॉप
हे मला मान्य आहे, मात्र सील बदलली तरी तो एक्झॉस्ट तसाच ठेवू नये. मूळचे दोन सायलेन्सर परत बसवा. त्यांच्या आतल्या जाळ्या काढून स्वच्छ केल्यात तरी पुरे. राहिलेल्या पैशांत पुढच्या फोर्कच्या सील, ब्रेकचे लायनर आणि मागचा 3.25-18 मापाचा नॉबी (मातीसाठी उंच गाठींचा) टायर आधी घ्या.

शोगनप्रेमी
शोगनमध्ये यातले काहीही करावे लागत नाही.

नियमावली
तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. हेडलाइट आणि मडगार्ड काढलेली गाडी मैदानापर्यंत चालवत नेऊ नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. छोटा टेम्पो करा. स्पर्धा एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) मान्यतेची असेल तर त्यांचा परवानाही लागेल, आणि तो आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

लाल_माती
आज पंप लावून पाहिला. बोटाला हवा स्पष्ट लागते आणि भोकाशी ऑइलचे बुडबुडेही येतात. उजवी बाजू कोरडी आहे. सायलेन्सर अजून माळ्यावरच आहेत, ते बसवतो. आता सील बदलल्यावर मेन जेट कोणता टाकू, हे कोणी सांगेल का?

जुना_मेकॅनिक
सांगतो, पण क्रमांक नव्हे, पद्धत. सील बदलताना प्रायमरी स्प्रॉकेट (क्रँकवरचे दातेरी चाक) पुलर या ओढून काढायच्या हत्यारानेच काढा. हातोडा मारलात तर प्रेस करून जोडलेला क्रँक हलेल आणि उरलेले बजेट त्यातच जाईल. पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघड-मीट करणाऱ्या संपर्कांची) फट 0.4 मिमी ठेवा. मग आता आहे त्यापेक्षा दोन-तीन क्रमांक मोठा जेट टाकून सुरुवात करा. पूर्ण रेसवर इंजिन अडखळत, घुसमटल्यासारखे चालले पाहिजे. तिथून एकेक क्रमांक खाली या. गाडी स्वच्छ पळू लागली की पूर्ण रेसवर असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि प्लग काढून पाहा. कडक चहाच्या रंगाचा दिसला तर तो जेट ठेवा. पांढरा दिसला तर लगेच एक क्रमांक वर जा. मातीवर एक क्रमांक मोठाच बरा, कारण तिथे इंजिनाला वारा कमी मिळतो आणि रेस जास्त वेळ राहते.

पेशवाई_पिस्टन
आणि येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, हे विसरू नका. जाड बुटाने दांडा आत दाबला गेला तर ऐन वळणावर गिअर हाताशी राहत नाही. आम्ही दांड्याच्या मुळाशी वॉशर घालून तो ताठ करत असू. हे तरी कोणी पुस्तकातून खोडू नये.

अबोली_वर्कशॉप
हे खोडत नाही, उलट मीच करून बघणार आहे. वॉशर किती जाडीचा?

कोकणी_येझदी
चेनकव्हर काढले असे पहिल्याच प्रतिसादाआधी वाचले. त्याचे दोन्ही भाग आणि रबरी बूट शाबूत असतील तर मी घेईन, माझ्या रोडकिंगचे पूर्ण गंजले आहे. मातीत चेन उघडी ठेवणे योग्य की अयोग्य, यावर इथे वाद होईलच. तो संपण्याआधी किंमत कळवावी.