मदत हवी आहे : स्कॉटलंडचं 1599 साल एक्सेलमध्ये कसं बसवावं?

स्कॉटिश दस्तऐवजांची कालसूची करायची आहे, पण गाडी 1599 वर अडते. तिथे वर्ष 25 मार्चला बदलायचं. प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) 17 डिसेंबर 1599 च्या हुकुमाने 1 जानेवारीपासून 1600 सुरू झालं. म्हणजे 1599 ला जानेवारी-फेब्रुवारी नाहीतच! कागदावरचं ‘फेब्रुवारी 1598’ आपलं 1599. इंग्लंड 1752 पर्यंत जुन्याच पद्धतीवर, त्यामुळे तिकडची फेब्रुवारीतली पत्रं वर्षभर मागची वाटतात.

मूळ साल आणि सुधारित साल असे दोन रकाने केलेत. पण तिथला राजा सहावा जेम्स याचं राज्यवर्ष (गादीवर आल्यापासून मोजलेलं साल) 24 जुलैला बदलतं, आणि एक्सेल 1900 आधीची तारीख मानतच नाही. DATE फंक्शनमध्ये 1599 घातलं की 3499 दाखवतं. दिवस-महिना-साल वेगळे ठेवून क्रम लावावा, की दुसरा उपाय आहे?