किरणोत्सर्ग मोजायचं काम हौशी माणसांनी करावं का? (निमित्त: जांबोटीचा पत्रा)

जांबोटीकर
गेल्या गुरुवारी खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो फिरला. गोठ्याचा ओला पत्रा, त्यावर साबणाच्या डबीएवढं यंत्र, पडद्यावर आकडा १०८. खाली ओळ: "कैगाहून आलंय, पोरांना पावसात सोडू नका." कैगा म्हणजे कारवारकडचं अणुवीज केंद्र. फोटो माझ्या भाच्याचा. ओळ त्याची नाही, वाटेत कुणीतरी चिकटवली.

भाचा डिप्लोमाला आहे. सुटे भाग मागवून त्यानं गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, जोडलाय: बोटाएवढी काचेची नळी, तिला चारशे व्होल्टच्या आसपास दाब. एक किरण आत शिरला की एक टिक. घरात मिनिटाला वीस-बावीस टिका पडतात. जोराची सर येऊन गेल्यावर पत्रा टिश्यू पेपरनं पुसला आणि तो कागद नळीला लावला, तर १०८.

दाजी म्हणतात, यंत्र विहिरीत टाक. माझं मत उलटं आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या तीन अणुभट्ट्या वितळल्या तेव्हा लोकांना आपल्या अंगणात काय पडलंय हे कळायला मार्ग नव्हता. 'सेफकास्ट' नावाच्या गटाच्या स्वयंसेवकांनी गाडीला काउंटर बांधले, दर पाच सेकंदांनी जागेसकट नोंद घेत रस्ते पालथे घातले आणि सगळे आकडे कुणालाही वापरायला खुले ठेवले. एकाच गावात एका गल्लीत कमी तर पुढच्या गल्लीत चौपट, हे अशा मोजणीतूनच दिसतं. पागोळ्यांखाली, गटाराच्या गाळात भट्टीतून उडालेलं किरणोत्सर्गी सीझियम साचतं. जिल्ह्याला एक आकडा देऊन ते कसं कळणार? कैगा आपल्यापासून सरळ रेषेत नव्वद-शंभर किलोमीटर. पोरांनी आत्तापासून शिकलं तर बिघडलं कुठं?

उद्यमबाग_जुना
मामा, राग मानू नका, खरं तुमच्या भाच्यानं तालुका घाबरवून सोडला. ओळ दुसऱ्यानं लिहिली म्हणता. आकडा उघडा सोडला की ओळ कोण तरी लिहिणारच की.

मी तीस वर्षं फौंड्रीत काढली. भंगार म्हणजे काय ते मला सांगू नका. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात कोबाल्ट-६० या जहाल किरणोत्सर्गी धातूचं जुनं यंत्र आलं, कामगारांनी ते फोडलं, एक माणूस गेला, बाकीचे आजारी पडले. त्याच्या आधी २००८ ला भारतात ओतलेल्या पोलादाची लिफ्टची बटणं फ्रान्समध्ये सापडली, त्यातपण कोबाल्ट. हौशी माणूस काय करतो? दिसलं की उचलतो, खिशात घालतो, फोटो काढतो. फुकुशिमात तीन नंबरच्या भट्टीजवळ काँक्रीटचा एक तुकडा सापडला होता, तासाला ९०० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजायचं माप). आपल्याकडं किरणोत्सर्गात काम करणाऱ्या कामगाराला वर्षाला सरासरी २० ची मर्यादा. हिशेब करा, ऐंशी सेकंदांत वर्ष संपलं. असल्या जागी पोरगं कसली हौस करणार?

सीमावासी
काका, मग भरवसा कुणावर ठेवायचा ते सांगा की. जपान सरकारकडे किरणोत्सर्ग कुठल्या दिशेला वाहतोय याचा अंदाज देणारी यंत्रणा होती, स्पीडी नावाची. तिचे नकाशे लोकांपर्यंत वेळेत गेलेच नाहीत. नामिए गावची माणसं घाबरून वायव्येला त्सुशिमात जाऊन राहिली, आणि ढग नेमका तिकडंच गेला. इताते गाव तर २० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, म्हणून तिथली माणसं आठवडे न् आठवडे घरातच. तिथं निदान सूचना त्यांच्या भाषेत तरी होत्या. आमच्याकडं पुराची सूचनासुद्धा कन्नडातून येते, आज्जी कागद उलटा धरून बघते. उद्या कैगाचं काही झालं तर आज्जीला कोण वाचून दाखवणार?

उद्यमबाग_जुना
आला का सीमाप्रश्न! किरण मराठी-कानडी बघत नाहीत मर्दा.

सीमावासी
किरण बघत नाहीत. कागद बघतो.

निपाणीकरीण
सगळे भांडायलाय, खरं मूळ आकड्याकडं कुणी बघितलंच नाही. मी डिग्रीला फिजिक्स शिकवत होते, म्हणून मध्ये तोंड घालते.

जांबोटीकर, तुमच्या भाच्याला विचारा: अर्ध्या तासानं तोच कागद परत मोजला का?

जमिनीतल्या, खडकातल्या युरेनियमपासून रेडॉन वायू सतत हवेत येतो. तो फुटून होणारी पुढची मूलद्रव्यं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुळीला चिकटून वर तरंगत असतात. सर आली की पाऊस त्यांना झाडून खाली आणतो. जगात कुठंही पावसानंतर गाडीचं बॉनेट पुसा, काउंटर ओरडतोच. या जोडीचं आयुष्य मात्र थोडं, साधारण अर्ध्या तासात निम्मं होतं. भट्टीतून सुटणारं आयोडीन-१३१ निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, सीझियम-१३७ ला तीस वर्षं. म्हणजे कागद दोन-तीन तासांत थंड झाला तर तो कैगाचा नाही, आपल्याच मातीचा.

आणि त्या नळीचं कौतुक बेतानं करा. तिची काच अल्फा किरण (साध्या कागदानंही अडणारे) आत सोडत नाही. आमच्या निपाणीच्या काय, कुठल्याही तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० असतं, ते अल्फाच सोडतं, म्हणून तिला आंधळ्यासारखं दिसायचं नाही. उलट जुन्या पेट्रोमॅक्सचं थोरियमवालं मँटल जवळ नेलं तर ती नाचायला लागेल. फारच जोराच्या किरणांत गायगर नळी गुदमरते आणि कमी किंवा शून्य आकडा दाखवते. सगळ्यात धोक्याच्या जागी ती 'काही नाही' म्हणू शकते, हे पोराला आधी शिकवा.

जांबोटीकर
ताई, परत मोजला नव्हता. फोटो काढला, मित्राला पाठवला, अभ्यासाला बसला. चूक कबूल. खरं ही चूक मोजण्याची की मधेच थांबण्याची?

टोकियोतल्या सेतागायाची गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये फुटपाथवर तासाला पावणेतीन मायक्रोसिव्हर्टच्या (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) आसपास आकडा मिळाला. लोकांच्या मोजणीतूनच ती जागा पुढं आली. सगळ्यांना वाटलं फुकुशिमा. नगरपालिकेनं शोधलं तर शेजारच्या जुन्या घराच्या फरशीखाली बाटल्या, त्यात रेडियम, तेही किरणोत्सर्गीच. फुकुशिमाशी काडीचा संबंध नाही. लोक तिथून रोज जात होते. हौशी माणसाचा अंदाज चुकला, खरं बाटल्या निघाल्या ना?

उद्यमबाग_जुना
तुमची गोष्ट माझ्याच बाजूची हाय मामा. मोजलं लोकांनी, खरं फरशी उकलली जाणकारांनी. हौशी माणसानं मोजावं आणि मागं सरावं, एवढं मान्य करत असाल तर माझं निम्मं भांडण संपलं. उरलेलं निम्मं त्या व्हॉट्सॲपशी.

सीमावासी
आणि जाणकार आलेच नाहीत तर?

उद्यमबाग_जुना
तर तुझा कागद कन्नडात लिहून दे, येतील.

निपाणीकरीण
हसण्यावारी नेऊ नका, त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त सेफकास्टची एक गोष्ट विसरू नका. सगळ्यांची यंत्रं एका पद्धतीची, आणि प्रत्येक आकड्याला जागा आणि वेळ जोडलेली. एका पत्र्याचा एका मिनिटाचा फोटो म्हणजे मोजणी नव्हे. मिनिटाला वीस टिका असतील तर चार-पाच इकडंतिकडं नुसत्या योगायोगानं होतात.

पत्र्यावरचा_भाचा
नमस्कार, मीच तो. काल संध्याकाळी साडेपाचला परत सर आली. या वेळी आधी गोठ्यातच रिकामी मोजणी केली: दहा मिनिटं, सरासरी २२. मग पत्रा पुसला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून नळीला लावला, प्रत्येक वेळी पाच मिनिटांची सरासरी घेतली. लगेच ९७. अर्ध्या तासानं ६१. तासानं ४०. तीन तासांनी २४, म्हणजे घरातल्यासारखंच. मॅडमचं बरोबर आहे, रेडॉन.

चारही आकड्यांचा फोटो वेळेसकट त्याच गटांवर टाकलाय. पहिला फोटो अजून फिरतोय, काल मुंबईच्या मावशीनं मलाच पाठवला, "काळजी घे" म्हणून. दुसऱ्याला तीन अंगठे. त्यातला एक मामाचा.

उद्यमबाग_जुना
चौथा माझा धर.

रविवारी मोकळा असलास तर यंत्र घेऊन ये. पोराच्या फौंड्रीत भंगाराचा नवा ढीग आलाय, लांबनं एक फेरी मारू. वाजलं तर हात लावायचा नाही, दोघंपण मागं फिरायचं आणि मग फोन. आणि येताना दाजींना सांगून ये, नाहीतर विहिरीत यंत्र जायचं ते जायचं, मागनं मीपण.