हुशार मुलगा लेखी परीक्षेत मागे पडतोय, मराठीतून चाचणी कुठे होईल?

नमस्कार. आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. मुलगा सहावीत, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत आहे. तोंडी काहीही विचारा, पोरगं अडत नाही. दुकानात बसला की सव्वातीन किलो गुळाचे किती आणि सुट्टे किती परत द्यायचे, हे कागद न घेता सांगतो. पाण्याची वाफ होऊन ढग कसे बनतात ते धाकट्या बहिणीला असं समजावतो की आम्हीही ऐकत बसतो. पेपरात मात्र त्याच प्रश्नाखाली दीड ओळ, तीही अर्धवट.

वही बघितली की जीव तुटतो. पेन्सिल इतकी दाबतो की मागच्या पानावर वळ उठतात. 'प्रकाश'चं 'पकाश' होतं, वेलांट्या गळतात, फळ्यावरचं उतरवताना मधली ओळच सुटते. घरात सगळे आळशी म्हणतात, शाळेत 'लक्ष नाही' एवढंच ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. आळशी पोर बोटं दुखेपर्यंत लिहीत बसेल का? डोळे आणि कान तपासून झालेत, दोन्ही ठीक आहेत.

कन्नडमुळे गोंधळ होतो असंही काहीजण म्हणतात. मराठी, सक्तीची कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे तीन लिप्या आहेतच. पण वर्गातली बाकीची मुलंही त्याच तीन लिप्या लिहितात, आणि याच्या चुका मराठीतही तितक्याच आहेत. त्यामुळे डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) किंवा डिसग्राफिया (लिखाणातली अडचण) अशा अध्ययन अक्षमतेची शंका येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

खरी अडचण ही अक्षमता तपासणाऱ्या चाचणीच्या भाषेची. मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत ती व्हायला हवी. कन्नड किंवा इंग्रजीतून घेतली तर त्या भाषेतला कच्चेपणाच दिसणार, मूळ दुखणं तसंच राहणार.

बेळगावात मराठीतून अशी चाचणी कोणी घेतं का? कोल्हापूर किंवा सांगलीहून करून आणली तर तिथलं प्रमाणपत्र कर्नाटकच्या एसएसएलसी (दहावीच्या) बोर्डाला चालतं, की इथल्याच सरकारी रुग्णालयाचं लागतं? सीमाभागातलं कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. हल्ली शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणून बसून राहतो, तेव्हा चाचणी होईपर्यंत घरी अभ्यास कसा घ्यावा तेही सांगा.