संग्रहालय-शिक्षणात एमए: अर्धा कोटी घालायचा की नाही?

फडताळ (धागाकर्ता)
भाचीला लंडनला प्रवेश मिळालाय. विषय आहे संग्रहालयं आणि कलादालनं यांतलं शिक्षण. युसीएलच्या (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. फी, राहणं-खाणं, विमान सगळं धरलं तर आकडा अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. बहीण-मेहुणे कर्ज काढायला निघालेत. घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून इथे मांडतो.

संग्रहालयात माणूस शिकतो, याबद्दल वाद नाही. पण तिथे कसं शिकवावं यासाठी स्वतंत्र पदवी लागते, हे मला मान्य नाही. ज्याला विषय येतो आणि मुलांशी बोलता येतं, तो शिकवतो. इतिहासात एमए करा, बीएड करा आणि एखाद्या संग्रहालयात काही वर्षं घासा. शिवाय परत आल्यावर नोकरी कुठली? मी पाहिलेल्या सरकारी संग्रहालयांत अभिरक्षक (क्युरेटर) असतात, सहायक अभिरक्षक असतात, पहारेकरी असतात. शाळा आली की यांच्यातलाच कुणीतरी पुढे होतो. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांग लागते. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठी खुलं आहे, तिकडे त्या रांगेतले किती जण वळतात? तिथे ही एमए होऊन काय करणार, रांग वळवणार?

मातीचा_घोडा
रांग वळवायचीच असते, दादा. त्यासाठीच शिक्षण विभाग असतो.

मी एका संग्रहालयात हेच काम करते. ‘विषय येतो आणि बोलता येतं’ अशी माणसं रोज बघते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, त्यांच्यासमोर सातवीचा वर्ग उभा आहे असं धरा. विषय येणारा माणूस काय करतो? ‘हा अडकित्ता. पितळी. सुपारी कातरायचा.’ मुलं वहीत उतरवतात. चला पुढे.

आता नाव सांगायचंच नाही. काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? एवढंच विचारायचं. न्यूयॉर्कच्या मोमामध्ये, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, फिलिप येनाविन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाऊसन यांनी चित्रं बघण्यासाठी ही पद्धत बसवली, वस्तूंनाही ती चालते. माझ्यासमोर एक मुलगा म्हणाला, कात्री. लगेच एक मुलगी म्हणाली, कात्रीची दोन्ही पाती धारेची असतात, याचं खालचं बोथट आहे, म्हणजे काहीतरी कडक वस्तू त्यावर ठेवून दाबायची. मग याला मोर कशाला केलाय? मागून आवाज आला, ‘पाहुण्यांपुढे ठेवायचा असणार.’ पानाचं तबक, बैठक, घरची ऐपत सगळं तिथून निघालं, मी एक शब्द न सांगता. कधी गप्प बसायचं हे शिकावं लागतं. विषय येणाऱ्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

उनाड_मास्तर
घोडाताई, तुमचं पटलं आणि तरी मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमची सहल म्हणजे एसटीची बस, शनिवारवाडा, संग्रहालय, बाग आणि अंधार पडायच्या आत गाव. संग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तास, त्यातला अर्धा चपला आणि डबे सांभाळण्यात. त्या वेळात तुमचा तज्ज्ञ कितीही गुणी असला तरी काय करणार? वर्षाचे दोनशेच्या वर दिवस ही पोरं माझ्याकडे असतात. द्यायचं तर हे शिक्षण मला द्या, डीएलएडच्या पोरांना द्या.

आमच्या मारुतीच्या देवळासमोर वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. शेंदूर फासलेला, वर पोरं बसतात. खालून वर वाचायचा असतो हे मलाच उशिरा कळलं: तळाशी लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. सगळं काचेबाहेर आहे, तिकीट नाही. त्यासाठी लंडन?

फडताळ
मास्तर, अगदी. एका माणसाच्या अर्ध्या कोटीत जिल्हाभरातले शिक्षक तयार होतील.

मातीचा_घोडा
होतील, पण तयार कोण करणार? तुम्ही दोघं गृहीत धरताय की शिकवणारा आकाशातून पडतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते. बसमध्ये काय ठेवायचं, चौथीला काय दाखवायचं आणि नववीला काय, मुलांना हातात काय द्यायचं, हे कुणीतरी बसून ठरवलंय. तिथलं मुलांचं संग्रहालय २०१९ ला उघडलं तेव्हा वस्तू निवडण्यात मुलंच होती. मुलांकडून असं काम करून घेणं कुठल्या बीएडमध्ये शिकवतात, सांगा.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये हेच शिकलो, लेस्टरला. तिथल्या विद्यापीठातला संग्रहालयशास्त्राचा विभाग १९६६ पासून आहे. कोरडं सांगतो.

शिकायला काय मिळतं? फॉक आणि डिअर्किंग, जॉर्ज हाइन हे संग्रहालयातल्या शिकण्यावर लिहिणारे लेखक वाचून घेतात, ते घरी बसूनही वाचता येईल. खरी कमाई दोन गोष्टींची. एक, प्रत्यक्ष संग्रहालयात काम. दुसरी, मोजमाप. ‘मुलांना आवडलं’ याला तिथे कुणी विचारत नाही. काय बदललं ते दाखवा म्हणतात: माहिती, कौशल्य, दृष्टिकोन, आनंद, वागणूक. ही पाच कलमी चौकट लेस्टरच्याच लोकांनी बसवली. पैसे देणाऱ्यासमोर उभं राहायचं तर हे यावं लागतं, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांना येतं.

पण कर्ज तिथे राहून फेडू, असा हिशेब असेल तर तो आजच फाडा. संग्रहालयाच्या शिक्षण विभागातला सुरुवातीचा पगार साधारण २५ ते ३० हजार पौंड. जुलै २०२५ पासून कामाच्या व्हिसाला पगाराची मर्यादा ४१,७०० पौंड आहे, नवख्यांची सवलत धरली तरी ३३,४००. नोकऱ्याही बऱ्याचशा प्रकल्पापुरत्या, निधी संपला की संपल्या. राष्ट्रीय संग्रहालयं २००१ पासून फुकट आहेत हे ऐकून आपले लोक भारावतात. प्रवेश फुकट असला तरी मागचा खर्च कुणीतरी भरतंच, आणि नगरपालिकांच्या छोट्या संग्रहालयांत तो भरणारे कमी झाले.

बडोदेकर
लंडन, लेस्टर झालं, आता जरा घरचं बघा. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. लेस्टरच्या आधी! सयाजीरावांचं संग्रहालय १८९४ चं. दिल्लीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट १९८९ ची, आता नोएडात, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने. मुंबईत घोडाताईंनी सांगितलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच पदव्युत्तर पदविका आहे. फी लंडनच्या शेजारी ठेवू नका, हसू येईल.

एक उणीव मान्य करतो. इथे संग्रहालयशास्त्र म्हणजे सगळं थोडं थोडं: नोंदणी, जतन, मांडणी, कायदे, आणि त्यात शिक्षणाचं एक प्रकरण. फक्त शिक्षणावर वर्षभर, असं मला तरी इथे दिसलेलं नाही.

फडताळ
बघा, म्हणजे इथे मागणीच नाही. मागणी असती तर अभ्यासक्रम निघाला असता.

मातीचा_घोडा
मागणी नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून अभ्यासक्रम नाही, अभ्यासक्रम नाही म्हणून मागणी नाही. कुठूनतरी सुरुवात करायची की नाही? जागतिक संग्रहालय परिषदेच्या २०२२ च्या प्राग व्याख्येत शिक्षण हे संग्रहालयाचं काम म्हणून स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे ते काम ज्याला वेळ आहे त्याच्या गळ्यात.

निळी_शाई
चर्चा छान चाललीय, पण इथे सगळ्यांनी बापाचा पैसा किंवा बँकेचं कर्ज धरलंय. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीची मुलं दरवर्षी बाहेर जातात, त्यांनी हा विषय घेतला तर ‘हौस’ म्हणणार का? संग्रहालयात तलवारी आणि दागिने भरपूर आहेत, ते घडवणारे हात कुणाचे हे विचारणारी माणसं त्या शिक्षण विभागात हवीत की नको? माझ्या लेखी पदवीपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

बाकी फडताळकाका, भाचीला चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती सुचवा. पूर्ण खर्च मिळतो. अट दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. म्हणजे तुम्ही म्हणता ते घासणं आधी आणि घोडाताई म्हणतात ती पदवी नंतर.

फडताळ
हे माहीत नव्हतं. दोन वर्षं काम करायला मी कधीपासून सांगतोय, तेव्हा त्याला माझी हरकत असायचं कारण नाही. पदवीची गरज अजून पटलेली नाही, ती पटवायला तिला दोन वर्षं आहेत. बहीण म्हणते, हातात आलेला प्रवेश सोडायचा कसा. तो पुढे ढकलता येतो का ते भाचीने विद्यापीठाला विचारावं, कर्जाच्या कागदांवर त्याआधी सह्या नकोत, एवढं सांगून बघतो.

उनाड_मास्तर
कामाला पाठवणार असाल तर आमच्या तालुक्यात पाठवा. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर वर्ग मोकळे. मानधन देता येणार नाही, जेवण आमच्या घरी. वीरगळावरचा शेंदूर मात्र काढायला लावू नका, गावात राहायचंय मला.